रस्ता नसलेलं गाव आणि आमचा सागरी महामार्ग

क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर लुत्रो नावाचं एक गाव आहे. तिथे रस्ता जात नाही. पक्का नाही, कच्चा नाही, बैलगाडी जाईल असाही नाही. होरा स्फाकियोन या शेजारच्या गावातून बोटीत बसायचं आणि वीसेक मिनिटांत उतरायचं. नाहीतर कड्याच्या पोटातून गेलेली पायवाट तुडवायची. पांढऱ्या भिंती, निळी दारं-खिडक्या, पाण्याला लागून खाणावळींची एक वाकडी रांग आणि तिच्या मागे लगेच उभा डोंगर. गाव म्हणायचं ते एवढंच.

लिहायला निमित्त सहलीचं असलं तरी मुद्दा सहलीचा नाही. आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्राला लागून. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचं काम हलायला लागल्यापासून गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खडाजंगी चालू आहे. माजी मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासूनचं हे स्वप्न. सुमारे पाचशे किलोमीटरचा रस्ता, आणि रेवस, आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा एकामागून एक खाड्यांवर पूल. एक गट म्हणतो, रस्ता झाला की पुण्या-मुंबईचा पैसा दारात येईल, पोरं परत येतील. दुसरा म्हणतो, रस्त्याबरोबर आधी दलाल येतील, मग रिसॉर्टं, मग बाटल्यांचे ढीग, आणि आपण आपल्याच गावात वॉचमन होऊ. गंमत म्हणजे ग्रीस दोन्ही गटांना प्रिय. पहिल्या गटाला सांगायला मिळतं की जेमतेम एक कोटी वस्तीच्या देशात २०२३ साली तीन कोटींवर पाहुणे आले. दुसरा गट सँटोरिनीच्या गल्ल्यांतल्या चेंगराचेंगरीचे फोटो टाकतो. (तिथे २०२५पासून क्रूझने येणाऱ्यांना दिवसाला आठ हजारांची मर्यादा घालावी लागली, आणि ऐन हंगामात माणशी २० युरोंचा कर.) मी म्युनिकहून क्रीटला जाऊन आले हे कळताच दोघांनीही मला साक्षीला ओढलं. एका काकांनी वर हेही सुनावलं, "तिकडे बसून रस्ता नको म्हणायला काय जातंय तुझं?"

काका बरोबर बोलले. त्या वाक्याला उत्तर देता येतं का हे बघावं म्हणूनच हा लेख.

आईला घेऊन गेले होते. ती दरवर्षी उन्हाळ्यात आमच्याकडे जर्मनीत येते आणि दुसऱ्या आठवड्यात "तुमच्याकडे समुद्र नाही" ही तक्रार सुरू करते. क्रीटच्या उत्तरेकडच्या हानिया शहरातून बस पकडली. मध्ये लेफ्का ओरी, म्हणजे पांढऱ्या डोंगरांची रांग. मे संपत आला तरी वरच्या टोकांवर बर्फाची ठिगळं दिसत होती. इंब्रोस गाव मागे पडलं की बस एकदम उतरायला लागते आणि समोर लिबियाचा समुद्र उघडतो. पलीकडे थेट आफ्रिका. वळणं अशी की आईने डोळे मिटून घेतले आणि "कुंभार्ली परवडला" एवढंच म्हणाली.

धक्क्यावर बोट लागली, तिचं पुढचं लोखंडी तोंड खडखडत खाली पडलं, आणि आई ओरडलीच, "अगं, ही तर आपली धोपाव्याची फेरी!"

अगदी तीच. दाभोळहून धोपाव्याला जाणारी, गाड्या पोटात घेणारी, सपाट बुडाची. फरक असा की दाभोळची फेरी दोन रस्त्यांच्या मधला तुटका सांधा जोडते. इथे बोट हाच रस्ता. सामारियाची १६ किलोमीटरची घळ चालून आलेली माणसं संध्याकाळी आयिया रूमेली गावातून याच बोटीत चढतात, ती लुत्रोला थांबते आणि पुढे जाते. वेळापत्रक धक्क्यावर लावलेलं असतं आणि गावाचं घड्याळ त्यावरच चालतं.

मी रोज बोटीच्या वेळेला धक्क्यावर जाऊन बसायचे. पाहुण्यांकडे कमी आणि सामानाकडे जास्त लक्ष. उतरायचे ते पावाचे ट्रे, टोमॅटोचे क्रेट, गॅसची सिलिंडरं, बाटलीबंद पाण्याचे प्लॅस्टिकात गुंडाळलेले गठ्ठे, धुऊन इस्त्री होऊन आलेल्या चादरी. प्रत्येक खाणावळीचा एकेक माणूस दोन चाकांची हातगाडी घेऊन उभा. पाच मिनिटांत सगळं विभागलं जायचं, कुणाचा क्रेट कुणाचा यावर एकदाही वाद ऐकला नाही, पण टोमणे भरपूर. भाषा कळली नाही तरी टोमणा कळतोच. मग उलटी वाहतूक: मळक्या चादरींच्या गोण्या, रिकाम्या बाटल्यांचे क्रेट आणि गाठ मारलेल्या काळ्या पिशव्यांत आदल्या दिवसाचा कचरा. जे येतं ते पाठीवरून आणायचं आणि जे उरतं ते पाठीवरून परत न्यायचं. कचरा कमी कसा करावा यावर तिथे कुणी फलक लावलेला नव्हता. हातगाडी ओढणाऱ्याला फलकाची गरज नसते.

आईला मात्र धक्क्यावर बसल्यावर दुसरंच आठवत होतं. लहानपणी ती मे महिन्यात मुंबईहून बोटीनेच गावी यायची. भाऊच्या धक्क्यावर रात्री रांग, वळकट्या, ट्रंका, डेकवर अंथरलेली सतरंजी आणि सगळीकडे ओकाऱ्या. हर्णैला बोट बंदरात लागायचीच नाही, लांब उभी राहायची. मग खाली पडाव यायचा, खलाशी बायकापोरांना अक्षरशः झेलून घ्यायचे, आणि किनाऱ्याशी पुन्हा पाण्यात उडी. "साडी गुडघ्यापर्यंत भिजल्याशिवाय गाव आलं असं वाटायचंच नाही," ती म्हणाली. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला: ही सगळी तेव्हा बोटीची स्टेशनं होती. पुढे एसटी सुधारली, बोटी तोट्यात गेल्या, बंद पडल्या. १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि बोटीची आठवण म्हाताऱ्यांच्या गप्पांपुरती उरली.

त्या बोटींचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. १७ जुलै १९४७ला रेवसच्या वाटेवर 'रामदास' बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली, आणि अलिबागकडच्या घरांत ती आठवण अजून आहे. पावसाळ्यात बोटी बंदच असायच्या. बावटा लागला की चार महिने गावाचा मुंबईशी संबंध खुष्कीच्या वाटेने, तोही रडतखडत. लुत्रोतही हे चुकलेलं नाही. वारा ठरावीक जोराच्या वर गेला की बंदराचा अधिकारी बोटी थांबवतो आणि त्यापुढे कुणाची ओळख चालत नाही. बायबलमध्ये संत पॉलला घेऊन निघालेली बोट हिवाळा काढायला ज्या फिनिक्स बंदराकडे जात होती ते हेच ठिकाण, असं मानतात. या किनाऱ्यावर हिवाळ्यात सुरक्षित म्हणून ते नावाजलेलं. बोट तिथवर पोचलीच नाही, वादळाने भरकटली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही अडचण तीच होती.

आता घरमालकाकडे येते, कारण माझ्या मते सगळी गोष्ट त्याच्यात आहे.

आम्ही उतरलो त्या घराचे मालक ऐंशीच्या उंबरठ्यावर. सकाळी पाण्याकडेच्या खुर्चीत बसून शेंगा निवडत असायचे. मी त्यांच्या मुलीशी इंग्रजीत बोलत होते, तेवढ्यात म्हातारबुवा अस्सल बव्हेरियन वळणाच्या जर्मनमध्ये म्हणाले, "म्युनिक? कुठल्या भागात?" १९७० साली ते म्युनिकच्या एका कारखान्यात पाहुणा कामगार म्हणून गेले होते. जर्मनीने ग्रीसशी १९६०मध्ये कामगारभरतीचा करार केला, त्यातून गेलेल्या लाखोंपैकी हे एक. दहा-बारा वर्षं गाड्यांच्या दारांना बिजागऱ्या बसवल्या. चार माणसांत एक खोली. दर उन्हाळ्यात गावी. अगदी आपला गिरणगावातला चाकरमानी, फक्त गिरणीच्या जागी मोटार.

फरक पुढे आहे. ते पैसे घेऊन परत आले आणि बापाच्या शेळ्यांच्या गोठ्यावर दोन खोल्या चढवल्या. छतातून लोखंडी सळया वर आलेल्या तशाच ठेवल्या. ग्रीसभर अशी घरं दिसतात, पुढच्या पिढीने पुढचा मजला चढवायचा म्हणून. मुलीने तो चढवला. आता आठ खोल्या आणि खाली खाणावळ. शेजारचं घर त्यांच्या चुलत भावाचं, पलीकडचं मेहुण्याचं. बाहेरच्यांनी मागणी घातली नाही का? "घातली की. दर वर्षी घालतात. विकलं असतं तर मी आज अथेन्समधल्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसलो असतो आणि माझी मुलगी इथे चादरी बदलत असती, दुसऱ्याच्या." चादरी बदलणारी बाई त्यांच्याकडेही आहे, ती अल्बानियातून हंगामापुरती येते. त्याबद्दल त्यांना काही बोलावंसं वाटलं नाही आणि मीही विचारलं नाही. चित्र एकदम गोजिरवाणं होऊ नये म्हणून सांगितलं.

आमच्या गावाचं काय झालं? चाकरमान्यांनी पैसा पाठवला नाही असं कुणी म्हणू नये. गावातली शाळेची इमारत, देवळाचा जीर्णोद्धार, पाण्याची टाकी, सगळं मुंबईच्या मंडळाच्या वर्गणीतून. पण तो पैसा गणपतीत आणि शिमग्यात राहायच्या घरावर लागला, धंद्यावर लागला नाही. त्याला चाकरमान्याचा आळस हे कारण नव्हे, जरी आमच्याकडचे बुजुर्ग तसं म्हणायला मागेपुढे बघत नाहीत. १९८२च्या संपात गिरण्या बसल्या तेव्हा तो हातात काही घेऊन परतला नाही, देणी घेऊन परतला. ग्रीस १९८१मध्ये युरोपीय समुदायात गेला आणि पाठोपाठ तिथला पैसा आला. कोकणाला असा कुणी मामा भेटला नाही. आणि सगळ्यात मोठी धोंड म्हणजे सातबारा. आमच्या आजोबांच्या नावावरच्या समुद्राकडच्या तुकड्यावर आज वीस-बावीस नावं आहेत. दोघं बडोद्याला, एक न्यू जर्सीला, एकाचा पत्ताच नाही, आणि वारस नोंद अर्धवट. त्यावर दोन खोल्या बांधायला कुठली बँक कर्ज देईल? विकायला मात्र ही नावं आडवी येत नाहीत. दलाल प्रत्येकाला घरी जाऊन गाठतो, विमानाने जाऊन गाठतो, शेतकरी दाखलाही पैदा करतो. सामाईक जमीन कसायला, बांधायला अशक्य आणि विकायला सोपी, ही आमची खरी गाठ आहे. ती रस्त्याने सुटणार नाही आणि रस्ता अडवूनही सुटणार नाही.

म्हणून ग्रुपवरचा वाद मला भलत्या जागी चाललेला वाटतो. रस्ता येणारच आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११मध्ये सुरू झालं आणि एक तप उलटून गेलं तरी खड्ड्यांच्या बातम्या संपत नाहीत, त्यामुळे 'येणार' कधी हे सोडून द्या. पण कधीतरी येणार. आला तेव्हा रस्त्याच्या कडेची जमीन कुणाच्या नावावर असेल, हा प्रश्न आहे.

लुत्रोची भलामण करणाऱ्यांसाठी दुसरी बाजूही सांगते. एका संध्याकाळी खाणावळीत गर्दी कमी होती. कागदी टेबलक्लॉथ वाऱ्याने उडू नये म्हणून टेबलाला चारी बाजूंनी चिमटे लावलेले, त्यावर क्रीटचा नकाशा छापलेला, आणि आई त्या नकाशावर तेलाचे डाग पाडत फावा खात होती. पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. "फोडणी द्यायची राहिली," हा तिचा एकमेव शेरा. म्हाताऱ्यांची मुलगी आमच्याशेजारी येऊन बसली. तिला विचारलं, हिवाळ्यात कसं असतं इथे? ती हसली. "हिवाळ्यात इथे कोण असतं? ऑक्टोबर संपला की आम्ही कुलपं लावतो. मुलांच्या शाळा हानियात. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी शेवटचा महिना मी हानियातच काढला, डॉक्टरांनी बोटीचं नाव काढू नका म्हणून सांगितलं होतं." मागे राहतात ती बोटावर मोजण्याइतकी माणसं आणि मांजरं.

म्हणजे जी शांतता विकत घ्यायला मी तीन तास विमानात बसून गेले, ती सहा महिने चालणारी आहे. पूर्वी वरच्या अनोपोली पठारावरची माणसं थंडीत उबेसाठी खाली लुत्रोला उतरत, तेव्हा हे हिवाळ्याचं गाव होतं. आज नेमकं उलटं. उन्हाळी पाहुण्यांनी गाव जगवलं हे खरं, पण जगवलं ते हॉटेल म्हणून. आमचं गाव जानेवारीतही गाव असतं. सकाळी दूधवाला, शाळेची घंटा, सोसायटीत रेशनची रांग, संध्याकाळी देवळात आरती. शिमग्याला पालखी घराघरांत जाते कारण घराघरांत कुणीतरी असतं. शाळेचा पट घसरतो आहे, तो भाग आहेच. पण बाळंतीण अडली तर दापोलीला गाडी दीड तासात पोचली पाहिजे, ही मागणी रास्त आहे, आणि तिच्यासमोर माझ्यासारखीने 'निसर्ग' हा शब्द उच्चारू नये. काकांच्या प्रश्नाला माझं उत्तर हे: तुम्ही म्हणता ते मान्य. रस्ता नको असं मी म्हणणार नाही.

मात्र रस्त्याकडून नको त्या अपेक्षाही ठेवू नयेत. अनोपोलीहून पुढे आरादेना नावाचं गाव आहे. खोल घळीच्या काठावर, दगडी घरं, एक सुंदर जुनं चर्च, आणि सगळं ओसाड. गेल्या शतकाच्या मध्यात दोन घराण्यांत सूडाचं सत्र सुरू झालं, माणसं मारली गेली आणि उरलेली निघून गेली. १९८६मध्ये त्या घळीवर लोखंडी पूल झाला. पलीकडच्या आयिओस इओआनिस गावातून जाऊन श्रीमंत झालेल्या एका घराण्याने तो बांधून दिला. लाकडी फळ्यांवरून गाडी गेली की घळभर गडगडाट होतो, आणि काही धाडसी मंडळी त्यावरून दोरी बांधून उड्या मारतात. पुलाने आयिओस इओआनिसपर्यंत गाडी नेली. आरादेना मात्र पुलाच्या तोंडाशी असून तशीच पडीक राहिली. माणसं निघून जायचं कारण घळ नव्हतंच, तर पूल झाल्याने ती परत कशी येणार? आमच्या गावातून पोरं गेली ती काय रस्ता नव्हता म्हणून? एसटी तर कधीपासून येते.

आता किनाऱ्याबद्दल, कारण इथे मात्र मला ग्रीसकडून घेण्यासारखं बरंच दिसतं. आणि ते सरकारकडून नव्हे, लोकांकडून. २०२३च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरच्या रहिवाशांनी आंदोलन केलं. हॉटेलवाल्यांनी वाळूवर एकाला एक खेटून आरामखुर्च्या आणि छत्र्या मांडल्या होत्या, भाडं भरल्याशिवाय टॉवेल टाकायला जागा नाही. लोक टॉवेल घेऊन गेले आणि किनारा आमचा आहे म्हणून उभे राहिले. टॉवेलचं आंदोलन असंच त्याचं नाव पडलं, आणि ते इतर बेटांवर पसरलं. पुढच्याच वर्षी कायदा आला: किनाऱ्याचा निदान निम्मा भाग मोकळा हवा, पाण्यापासून चार मीटरच्या आत खुर्ची मांडायची नाही. संरक्षित टापूतले १९८ किनारे तर असे जाहीर केले की तिथे एकही भाड्याची खुर्ची नको. लोकांना फोनवरून तक्रार करायला अ‍ॅप दिलं, वरून ड्रोन फिरवले, दंड केले. सगळीकडे पाळलं जातं असा दावा मी करणार नाही. ग्रीक माणूस नियमाकडे साधारण आपल्याच नजरेने बघतो. पण किनारा कुणाचा हे भांडण त्यांनी टॉवेल घेऊन, वाळूवर उभं राहून, आणि हंगाम चालू असताना केलं.

मी ज्या बव्हेरियात राहते तिथल्या राज्यघटनेच्या १४१व्या कलमात तळी, डोंगर, जंगलं सर्वांना खुली राहतील असं लिहिलेलं आहे. तरीही म्युनिकजवळच्या श्टार्नबेर्गच्या तळ्यावर जा: काठाचा लांबच लांब पट्टा बंगल्यांच्या कुंपणाआड गेलेला आहे, आणि कुंपणावर कुत्र्याचा फोटो. तेव्हा कागदावर काय लिहिलं आहे यावर फार विसंबू नये. आपल्याकडे तर कागद १९९१पासून आहे. पण सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या नियमांची, आठवण कोळीवाड्यात कुणी घराचा पत्रा बदलायला काढला की होते. भरतीरेषेजवळ उभ्या राहिलेल्या रिसॉर्टच्या तरणतलावाच्या वेळी ती कुठेतरी जेवायला गेलेली असते. आणि दर लाँग वीकेंडला एक तरी पठ्ठ्या वाळूत गाडी घालतो. भरती येते, चाकं रुततात, मग गावातला ट्रॅक्टर बोलवायचा, व्हिडिओ व्हायरल, आणि पुढच्या शनिवारी दुसरी गाडी. ज्या वाळूत कासव अंडी घालतं तिच्यावरून ही वरात.

आपल्याकडे चांगलं उदाहरण नाही असंही नाही. आमच्यापासून फार लांब नाही असं वेळास. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायचं काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला हाताशी धरून उभं केलं, आणि पिल्लं समुद्रात सोडण्याच्या दिवसांत येणारे पाहुणे गावकऱ्यांच्या घरांतच उतरतात. ओटीवर गाद्या, पंगतीत जेवण, उकडीचे मोदक असले तर नशीब. एकही मोठं हॉटेल न बांधता गावात पैसा येतो. राज्य सरकारची न्याहारी-निवास योजनाही आहेच. लुत्रोत मी जे बघितलं त्याचं मर्म वेळासच्या माणसाला माझ्याआधी कळलेलं आहे. परदेशातून आलेल्या बाईने सांगितलं की मात्र ते पटकन फॉरवर्ड होतं, एवढाच माझा उपयोग.

मग मला काय हवं आहे? रस्ता गावाच्या वरच्या अंगाने जावा आणि गाड्या वरच थांबाव्यात. खाली समुद्राकडे चालत किंवा रिक्षाने. वाळूत चाक दिसलं की दंड, आणि तो दंड ग्रामपंचायतीच्या खात्यात, म्हणजे वसूल करायला हुरूप राहील. बोट पुन्हा हवी. मुंबईहून विजयदुर्गापर्यंत रो-रो, म्हणजे गाड्या पोटात घेणारी बोट, नेण्याची घोषणा २०२५मध्ये झाली तेव्हा आमच्या ग्रुपवर पहिल्यांदाच दोन्ही गटांनी एकाच मेसेजला अंगठे दिले होते. भाऊचा धक्का ते मांडवा ही सेवा २०२०पासून चालू आहे आणि अलिबागकरांना आता तिच्याशिवाय करमत नाही. पण बोट म्हणजे वर्षाकाठी मंत्र्यांनी नारळ फोडायची वस्तू नव्हे. धक्क्यावर वेळापत्रक लागलेलं असलं पाहिजे आणि पावाचा ट्रेही त्यातून आला पाहिजे. पाहुण्यांपुरती चालणारी बोट पहिल्या तोट्यात बंद पडते, आईच्या वेळच्या बोटींसारखी.

आणि जमीन. इथे मी गावाला उपदेश करत नाही, आमच्याच घरापुरतं बोलते. त्या वीस-बावीस नावांच्या तुकड्यासाठी गेल्या दिवाळीपासून दलालाचे फोन चालू आहेत. आकडा ऐकून बडोद्याचे चुलतभाऊ सही करायला तयार आहेत, आणि मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या मुलीचं शिक्षण आहे. आमच्यातला एकच चुलतभाऊ गावात राहतो, आंब्याची बाग बघतो. त्याला चार खोल्या बांधायच्या आहेत. जून महिन्यात सगळ्यांचा एक व्हिडिओ कॉल झाला, पावणेदोन तास, त्यातला तासभर आजोबांनी कुणाला काय कबूल केलं होतं यावर. शेवटी ठरलं ते अर्धंमुर्धंच: ज्यांना विकायचं आहे त्यांचा हिस्सा गावातला भाऊ हप्त्याने घेणार, बाकीचे लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर त्याला देणार, वारस नोंदी आधी पूर्ण करायच्या. न्यू जर्सीवाल्याने अजून हो म्हटलेलं नाही. काकांनी कॉल संपता संपता मला विचारलं, "आणि सहीला तू येणार कधी?"

म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात कुलमुखत्यारपत्रासाठी अर्ज केला आहे. मसुदा दापोलीच्या वकिलांनी पाठवला, त्यात सवयीने 'विक्री' असं आलं होतं. ते खोडून परत पाठवला.